सहा महिन्यांत प्रोग्रामर

परवा रात्री साडेदहाला भाच्याचा फोन आला. आमच्याकडे एवढ्या उशिरा फोन वाजला की आधी पोटात गोळा येतो. पण हा म्हणाला, "मामा, झोपला नव्हतास ना? एक विचारायचं होतं." पोरगं बी.एस्सी. केमिस्ट्री झालंय, लोट्याच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या लॅबमध्ये पाळ्या करतं. त्याने एक जाहिरात पाठवली होती. सहा महिन्यांचा कोडिंग बूटकँप, घरबसल्या, फी साडेतीन लाख, हप्त्यांची सोय. आणि खाली आठ-दहा हसरे चेहरे, प्रत्येक चेहऱ्याखाली एकेका बड्या कंपनीचं बोधचिन्ह.

"मामा, हे खरं असतं का रे? सहा महिन्यांत खरंच घेतात अशा कंपन्या?"

मी म्हटलं, शनिवारी सांगतो. वेळ मारून नेली असं वाटलं असेल त्याला, पण कारण वेगळं होतं. अशाच एका कोर्समधून मी या धंद्यात आलो, आणि अशाच एका जाहिरातीत एकेकाळी माझाही चेहरा होता. ते पुढे येईलच. आधी थोडा इतिहास, कारण भाच्याची समजूत अशी की हे बूटकँप प्रकरण गेल्या दहा-बारा वर्षांत निघालं. नाही हो! प्रोग्रामिंग जेवढं जुनं, जवळजवळ तेवढाच हा "थोड्या महिन्यांत प्रोग्रामर"चा मामला जुना आहे. मधल्या काळात फक्त एक गोष्ट उलटी झाली, आणि सगळी ग्यानबाची मेख तिथेच आहे.

*

सुरुवातीला सगळेच कोर्सवाले होते. दुसरं कोण असणार? १९४५ साली फिलाडेल्फियात एनिअ‍ॅक नावाचं अगडबंब यंत्र तयार होत होतं, आणि त्याला कामाला लावायला सहा तरुणी निवडल्या गेल्या. या आधीपासूनच अमेरिकन लष्करासाठी तोफगोळ्यांच्या मार्गाची गणितं हाताने करत होत्या. त्यांच्या हुद्द्याचं नावच मुळी 'कंप्यूटर' होतं. त्यांना अ‍ॅबरडीनच्या लष्करी तळावर पंचकार्डांची यंत्रं शिकायला पाठवलं. परत आल्यावर एनिअ‍ॅक असलेल्या खोलीत जायची परवानगी नाही (गुप्तता!), म्हणून हातात जोडण्यांचे नकाशे दिले आणि सांगितलं, यावरून समजून घ्या. त्यांनी घेतलं. पुस्तक नाही, शिक्षक नाही, आणि आपण तक्रार करतो की डॉक्युमेंटेशन नीट नाही.

इंग्लंडातली गोष्ट आणखी मजेदार. तिथे धंद्याच्या हिशेबासाठी पहिल्यांदा संगणक वापरला तो कुठल्या बँकेने किंवा विमा कंपनीने नव्हे, तर चहाची दुकानं चालवणाऱ्या आणि केक-पाव भाजणाऱ्या जे. लायन्स कंपनीने. त्यांनी स्वतःचा संगणक स्वतः बांधला, त्याचं नाव लिओ, आणि १९५१ साली त्यावर बेकरीच्या हिशेबाचं काम सुरू झालं. आता प्रोग्रामर आणायचे कुठून? मग कंपनीने आपल्याच कचेरीतल्या लोकांसाठी एक छोटा अभ्यासवर्ग काढला आणि त्यात जे चमकले त्यांना उचललं. मेरी कूम्ब्स ही त्यातलीच. फ्रेंच घेऊन पदवीधर झालेली, लायन्सच्या कचेरीत आकडेमोडीचं काम करणारी. १९५२ साली ती लिओवर प्रोग्रामर झाली. व्यापारी संगणकावर काम करणारी पहिली स्त्री प्रोग्रामर म्हणून आज तिचं नाव घेतात. फ्रेंच भाषेची पदवी, बरं का. आमच्याकडे बी.एस्सी. फिजिक्स म्हटल्यावर मुलाखत घेणाऱ्याच्या कपाळाला आठ्या पडत!

पण बूटकँपचा खरा मूळपुरुष मला विचाराल तर तो अमेरिकेत, सांता मोनिकाच्या समुद्रकिनारी सापडतो.

१९४९ साली रशियाने अणुबाँबचा स्फोट केला आणि अमेरिकेची झोप उडाली. उत्तर ध्रुवावरून रशियन बाँबफेकी विमानं आली तर ती दिसणार कशी, अडवणार कोण? उत्तर म्हणून सेज नावाची प्रचंड व्यवस्था उभी करायची ठरली. ठिकठिकाणची रडारं टेलिफोनच्या तारांनी संगणकांना जोडायची, आणि आकाशात काय चाललंय ते पडद्यावर दाखवायचं. त्यासाठी आयबीएमने बनवलेला एकेक संगणक सुमारे अडीचशे टनांचा, आत हजारो निर्वात नळ्या, आणि ठेवायला बिनखिडक्यांच्या काँक्रीटच्या चार मजली इमारती. यंत्रं बनवायला आयबीएम एका पायावर तयार होती. पण प्रोग्रामिंग? ते काम मात्र त्यांनी नको म्हटलं. कारण वाचून मला हसू आलं होतं: काम संपल्यावर या दोन हजार प्रोग्रामरांना आम्ही पोसायचं कुठे! जगात इतक्या प्रोग्रामरांची कधी गरज पडेल असं खुद्द आयबीएमला तेव्हा वाटत नव्हतं.

मग ते काम १९५५ साली सांता मोनिकातल्या रँड कॉर्पोरेशनकडे आलं. तिथे त्यासाठी एक वेगळा विभाग काढला, आणि १९५७ साली त्याचीच स्वतंत्र संस्था झाली, सिस्टिम डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन. थोडक्यात एसडीसी. लिहायचा होता लाखाच्या घरात सूचना असलेला प्रोग्राम, आणि तेव्हा सगळ्या देशात या कामाला लायक माणसं हजार-दीड हजारांच्या वर नसतील. संगणकशास्त्राची पदवी मागायची तर अमेरिकेत तसा विभागच नव्हता. पहिला निघाला तो पर्ड्यू विद्यापीठात, १९६२ साली. म्हणजे आपल्या महाराष्ट्र राज्यापेक्षाही दोन वर्षांनी धाकटा.

तर या एसडीसीने काय केलं? चाचण्या घेतल्या. तर्कशक्तीच्या, आकृत्या ओळखायच्या, स्वभावाच्यासुद्धा. पास झालेल्यांना नोकरीवर घेतलं आणि मग वर्गात बसवलं. हा क्रम लक्षात ठेवा, मी पुन्हा त्यावर येणार आहे. नोकरी आधी, वर्ग नंतर. पगार पहिल्या दिवसापासून चालू. एखादा गडी शिकण्यात कच्चा निघाला तर नुकसान कोणाचं? संस्थेचं, म्हणजे शेवटी अमेरिकन हवाईदलाचं. त्या गड्याच्या बापाचं नव्हे.

आणि झालं असं की माणसं तयार व्हायची आणि जायची. बाहेर पगार जास्त, सांता मोनिकात शिकून बाहेरच्या कंपन्या भराभर उचलायच्या. दुसरी एखादी संस्था बोंब मारत सुटली असती. एसडीसीच्या लोकांनी मात्र आपण देशाला प्रोग्रामर पुरवणारं विद्यापीठच आहोत अशी भूमिका घेतली. पुढच्या काळात अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या प्रकल्पावर गेलं की सेजवर काम केलेलं कोणीतरी भेटायचंच, असं जुने लोक सांगतात. आणि गंमत म्हणजे १९५८ साली सेजचं पहिलं केंद्र सुरू झालं तोवर धोका विमानांकडून क्षेपणास्त्रांकडे सरकला होता, ज्यांच्यापुढे सेजचा काही उपयोग नव्हता. म्हणजे ज्या युद्धासाठी हा खटाटोप ते झालंच नाही, पण त्यातून एक अख्खा धंदा उभा राहिला. हवाईदलाच्या पैशावर!

*

उलथापालथ झाली ती साठच्या दशकात. १९६४ साली आयबीएमने सिस्टिम/३६० जाहीर केली आणि जो तो संगणक घ्यायला धावला. माणसं कमी. आयबीएमने एक अभियोग्यता चाचणी बनवली होती, तिचं नाव पॅट. एकट्या १९६७ साली सात लाखांहून जास्त लोकांनी ती दिली म्हणतात. (या चाचणीतले गुण आणि प्रत्यक्ष कामातली हुशारी यांचा फारसा संबंध लागत नाही, असं पुढे संशोधकांना आढळलं. तरी चाचणी चालूच. आमच्या धंद्यातल्या मुलाखतींबद्दल मी वेगळं काय सांगू!)

एवढी मागणी म्हटल्यावर मधे दुकानं उघडणारच. अमेरिकेच्या शहराशहरांतून खाजगी वर्ग निघाले, काही महिन्यांत प्रोग्रामर व्हा, फी हजार-दोन हजार डॉलर. काही चांगले होते. काही ठिकाणी शिकवणारालाच काल-परवा शिकवलेलं असायचं, आणि संगणकावर प्रत्यक्ष बसायला मिळणं दुर्मीळ. आणि इथे तो क्रम उलटला. आता फी आधी, वर्ग नंतर, नोकरी सगळ्यात शेवटी. मिळाली तर. जोखीम हवाईदलाकडून शिकणाऱ्याच्या खिशात आली. सत्तर साली मंदी आली तेव्हा हे पहिल्यांदा लोकांना कळलं, आणि पुन्हा विसरलं.

आपल्याकडे आलो की चित्र थोडं निराळं दिसतं. १९६३ साली आयआयटी कानपूरला आयबीएम १६२० आला आणि तिथल्या प्राध्यापकांनी बाहेरच्या लोकांसाठीही थोड्या दिवसांचे कसून अभ्यासवर्ग घेतले. शास्त्रज्ञ, इंजिनिअर, कारखान्यांतले लोक यायचे, फोरट्रान शिकून जायचे. ते लोकही नोकरीवाले, शिकून परत आपल्या खुर्चीवर. १९७८ साली आयबीएमने भारतातून गाशा गुंडाळला. १९८१ साली एनआयआयटी, १९८६ साली अ‍ॅपटेक. नव्वदचं दशक येईपर्यंत गावोगावच्या स्टँडसमोर एक वडापावची गाडी, एक झेरॉक्स आणि एक कंप्यूटर क्लास असं दृश्य झालं होतं.

पुण्याचं नाव यात वेगळं घ्यायला हवं. १९८८ साली इथे सी-डॅक सुरू झालं, विजय भटकरांच्या हाताखाली १९९१ साली परम ८००० उभा राहिला, आणि १९९३ साली त्यांनी प्रशिक्षणासाठी अ‍ॅक्ट्स ही शाखा काढली. तिथला सहा महिन्यांचा 'डॅक'चा डिप्लोमा म्हणजे आमच्या वेळी पंढरीच. प्रवेश परीक्षा अवघड, सकाळपासून रात्रीपर्यंत वर्ग आणि लॅब, आणि शेवटी कंपन्या रांगेने यायच्या. बूटकँप हा शब्द पुण्यात कोणी ऐकलाही नव्हता तेव्हापासून हे चालू आहे. आजही आमच्या कंपनीत जेवायच्या टेबलावर दहाजण बसलो तर एखादा डॅकवाला निघतोच, आणि तो ते सांगतोही.

मी डॅकवाला नाही. प्रवेश परीक्षेत आपटलो.

*

साल २०००. त्या आधीची दोन-तीन वर्षं ज्यांनी पाहिली त्यांना सांगायला नको. जुन्या प्रोग्राममध्ये सालाचे दोनच आकडे ठेवलेले, २००० उजाडलं की यंत्रांना ते १९०० वाटणार, म्हणून सगळं जग कोबॉल येणारी माणसं शोधत होतं. कॉमर्सवाला, सिव्हिलवाला, कोणीही चालायचा. तीन महिने क्लास, मुंबईत मुलाखत, विमान. आमच्या गल्लीतला एक मुलगा न्यू जर्सीला गेला तेव्हा त्याच्या आईने सत्यनारायण घातला आणि प्रसाद आणून देताना माझ्याकडे असं काही पाहिलं, की त्याच आठवड्यात मी बाबांकडे विषय काढला.

बाबा एसटीत होते. पुण्यातल्या एका खाजगी संस्थेचा सहा महिन्यांचा कोर्स, फी बेचाळीस हजार. बाबांनी पतसंस्थेतून कर्ज काढलं, जामीन राहिले त्यांच्याच डेपोतले दोन कंडक्टर. पत्रकावर चार रंगांत छापलं होतं, शंभर टक्के प्लेसमेंट. आणि खाली (ओळखलंत ना?) हसरे चेहरे.

त्यांनी फसवलं असं मी आजही म्हणत नाही. आधीच्या बॅचच्या चौतीस जणांपैकी तीस जणांना खरोखरच नोकऱ्या लागल्या होत्या, मी स्वतः दोघांना भेटलो होतो. शिकवायचेही बरं. तळघरातला वर्ग, सी प्लस प्लस, जावा, ओरॅकल, रात्री अकरापर्यंत लॅब आणि मग बंद होत आलेल्या टपरीवर शेवटचा चहा. माझ्या आयुष्यातले ते सहा महिने सुखाचे होते, खोटं कशाला बोलू.

फक्त एक गोष्ट आमच्यापैकी कोणी पाहत नव्हतं. १० मार्च २००० ला अमेरिकेत नॅसडॅक ५०४८ वर जाऊन टेकला होता आणि तिथून घसरायला लागला होता. मी फी भरली जुलैत. ऑक्टोबर २००२ मध्ये तो १११४ च्या आसपास आला, म्हणजे रुपयाचे बावीस पैसे. आणखी एक गंमत बघा. अमेरिकेने एच-१बी व्हिसांची मर्यादा ६५ हजारांवरून १९९९ साली १ लाख १५ हजार केली होती, ती २००१ पासून तीन वर्षांसाठी १ लाख ९५ हजार केली. म्हणजे मागणी आटली नेमकी तेव्हा दरवाजा सताड उघडला! सरकारी कायदा आणि कोर्सवाले विद्यार्थी, दोघांनाही बाजाराची बातमी वर्षभर उशिराच मिळते.

जानेवारी २००१ मध्ये आमचा कोर्स संपला. संस्थेत जिन्याजवळ एक फळा होता, त्यावर मुलाखतीला येणाऱ्या कंपन्यांची नावं लिहायचे. त्या फळ्यावर फेब्रुवारीत एक नाव आलं, मार्चमध्ये ते पुसलं गेलं. आम्ही छत्तीस जण होतो. रोज सकाळी जायचो, फळा बघायचो, टपरीवर बसायचो. मे महिन्यात संस्थेने सांगितलं की नव्या बॅचला जागा लागते, तुम्ही रोज येऊ नका, आम्ही कळवू. वर्ष संपेपर्यंत छत्तिसातल्या तिघांना प्रोग्रामिंगचं काम लागलं. मी त्या तिघांत नव्हतो.

मला एका लहान कंपनीत टेस्टिंगचं काम मिळालं, ते पुढच्या वर्षी, महिना तीन हजारावर. पतसंस्थेचा हप्ता अठराशे. बाबा एक शब्द बोलले नाहीत, पण त्यांची निवृत्ती २००२ ला होती आणि जामीन राहिलेल्या एका कंडक्टरच्या मुलीचं लग्न अडलं होतं, कारण त्याला पतसंस्था नवीन कर्ज देईना. हे मला खूप नंतर, तेही आईकडून कळलं.

पुढचं भराभर सांगतो. लहान कंपनीत चार वर्षं काढली. टेस्टिंग करता करता दुसऱ्यांचा कोड वाचायची सवय लागली, मग छोट्या दुरुस्त्या स्वतःच करायला लागलो. तिथला एक सिनिअर २००५ साली एका नावाजलेल्या बहुराष्ट्रीय कंपनीत गेला आणि सहा महिन्यांनी त्याने माझं नाव पुढे केलं. चार मुलाखती झाल्या. कोर्सचं प्रमाणपत्र मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून नेलं होतं, ते कोणी मागितलंही नाही.

आणि मग संस्थेचा फोन आला. कुठून कळलं देव जाणे. अभिनंदन, आपल्या माजी विद्यार्थ्यांचं पत्रक काढतोय, एक फोटो द्याल का? मी दिला. आनंदाने दिला! तळघरातून वर आलेला माणूस होतो मी, मला कोणीतरी फोटो मागत होतं. पत्रक छापून आलं. माझा फोटो, खाली संस्थेचं नाव, त्याखाली कंपनीचं नाव. मधली चार वर्षं कुठेच नाहीत. ते तीन हजार नाहीत, फळा नाही, उरलेले बत्तीस-तेहेतीस जण नाहीत. त्यातले काही औषधं विकतात, एकजण शाळेत शिक्षक आहे, एकाचं पुढे काय झालं ते आम्हाला कोणालाच माहीत नाही. छापलेली एकही ओळ खोटी नव्हती.

२००७ च्या सुमाराला ऑफिसच्या लिफ्टमध्ये एक मुलगा भेटला, आमच्याकडे कंत्राटी कामावर आलेला. "सर, तुमचा फोटो बघून मी त्या क्लासला गेलो होतो." त्याला नोकरी लागली होती, छान चाललं होतं, हसत होता. मी विचारलं, बॅचमधल्या बाकीच्यांचं? तेवढ्यात त्याचा मजला आला.

*

अमेरिकेत ज्याला आज बूटकँप म्हणतात ते २०१२ साली सुरू झालं. सॅन फ्रान्सिस्कोत डेव्ह बूटकँप, त्याच वर्षी हॅक रिअ‍ॅक्टर आणि अ‍ॅप अकॅडमी. २००८ च्या मंदीत होरपळलेली मुलं, दुसरीकडे माणसं मिळत नाहीत म्हणून रडणाऱ्या कंपन्या. पहिल्या बॅचांना खरोखर भारी नोकऱ्या लागल्या. (पहिल्या बॅचांना लागतातच. आमच्या संस्थेचीही आधीची बॅच आठवा.) मग पैसा आला, शहराशहरांत शाखा निघाल्या. डेव्ह बूटकँप २०१४ साली कॅप्लान या बड्या शिक्षणसंस्थेने विकत घेतला आणि २०१७ च्या डिसेंबरमध्ये तो बंदही पडला.

या सगळ्यात एक कल्पना मला मनापासून आवडली होती. फी आत्ता देऊ नका, नोकरी लागली की पगारातून टक्का द्या. म्हणजे उलटलेला क्रम पुन्हा थोडा सुलट करण्याचा प्रयत्न! विद्यार्थ्याला नोकरी नाही तर संस्थेलाही पैसे नाहीत. लँबडा स्कूल २०१७ साली याच तत्त्वावर उभं राहिलं: वर्षाला पन्नास हजार डॉलरच्या वर पगार मिळाला तर दोन वर्षं १७ टक्के द्या, जास्तीत जास्त तीस हजार डॉलर. आपल्याकडे बंगळूरमध्ये मसाई स्कूलने २०१९ पासून असाच करार आणला. मी तेव्हा ऑफिसात सगळ्यांना सांगत फिरलो होतो की हे आमच्या वेळी असतं तर पतसंस्था मधे आली नसती.

पण मेख तिथेही निघालीच. लँबडाने, जिचं नाव पुढे ब्लूमटेक झालं, विद्यार्थ्यांचे ते करार गुंतवणूकदारांना विकून आधीच पैसे उचलले होते. म्हणजे नोकरी लागो न लागो, संस्थेला बराचसा दाम मिळालेला. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक वित्त संरक्षण विभागाने त्यांच्यावर कारवाई केली. जाहिरातीत ७१ ते ८६ टक्के मुलांना नोकऱ्या लागल्याचं सांगत होते, गुंतवणूकदारांना दिलेले आकडे मात्र पन्नासच्या आसपास, आणि काही बॅचचे तीस टक्क्यांपर्यंत खाली. संस्थेला विद्यार्थ्यांना कर्ज द्यायला कायमची बंदी झाली. तो अहवाल मी एका बैठकीत वाचून काढला आणि का कोण जाणे, मला जिन्याजवळचा तो फळा दिसत राहिला.

त्याच्या आधी बाजारही फिरला होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये मेटाने अकरा हजार माणसं कमी केली, जानेवारी २०२३ मध्ये गूगलने बारा हजार, मायक्रोसॉफ्टने दहा हजार, अ‍ॅमेझॉनने अठरा हजार. पाच-सात वर्षं कामाचा अनुभव असलेले लोक त्याच रांगेत उभे राहिल्यावर सहा महिनेवाल्यांचं काय होणार? २०१९ साली ७५ कोटी डॉलर मोजून ट्रिलॉजी ही बूटकँप कंपनी घेणाऱ्या टूयूने डिसेंबर २०२४ मध्ये आपण बूटकँप बंद करत असल्याचं जाहीर केलं.

ज्या वाटा टिकल्या त्या बघा. मायक्रोसॉफ्टचा लीप हा कार्यक्रम २०१५ पासूनचा: वेगळ्या पार्श्वभूमीची माणसं सोळा आठवड्यांसाठी पगारावर घ्यायची, थोडं वर्गात आणि बाकी खऱ्या टीममध्ये बसवायचं. आपल्याकडे विप्रो बी.एस्सी.च्या मुलांना विद्यावेतनावर घेऊन पुढे एम.टेक.पर्यंत शिकवते, इन्फोसिस मैसूरच्या त्या अवाढव्य आवारात हजारो नवशिक्यांना महिनोन्‌महिने पगार देऊन बसवते. यात करार असतात, पगार तुटपुंजा वाटतो, मुलं कुरकुरतात, आणि ती कुरकुर खोटी नाही. पण क्रम सांता मोनिकाचा आहे. नोकरी आधी, वर्ग नंतर.

*

हे सगळं मी काल भाच्याला सांगितलं. एवढं नाही, पतसंस्थेचं थोडं गाळून. तो ऐकत होता, मधे त्याची पाळी बदलायची वेळ झाली म्हणून फोन ठेवला, मग पुन्हा केला.

"मग करू की नको, ते सांग ना!"

मी म्हटलं, मला ठरवता येत नाही रे. तुला लॅबच्या यंत्रांतून निघणारे आकडे रोज एक्सेलमध्ये हाताने भरावे लागतात ना? त्यावर पायथॉनमध्ये काहीतरी लिहून बघ, ते शिकायला साडेतीन लाख लागत नाहीत. आणि त्या बूटकँपवाल्यांना एवढंच विचार: फोटोतल्या प्रत्येकाचा कोर्स कधी संपला आणि ही नोकरी कधी लागली? आणि त्याच्या बॅचमध्ये एकूण किती जण होते?

आज सकाळी त्याचा निरोप आला. त्याने विचारलं होतं. उत्तरादाखल त्यांनी तेच पत्रक पुन्हा पाठवलंय आणि सोबत पंधरा टक्के सवलतीचं कूपन, रविवारी रात्री बारापर्यंत चालणारं.

खाली त्याने लिहिलंय, "मामा, तुझा तो जुना फोटो आहे का रे अजून?"

असेल. माळ्यावरच्या ट्रंकेत, प्रमाणपत्राच्या पिशवीत. जेवण झालं की चढतो वर.